काळे पाणी : एक बेटसमूह आणि आपल्या दोन भाषा

मे महिन्याचा तिसरा आठवडा उजाडला की मराठवाड्यातला शेतकरी एका बातमीची वाट पाहू लागतो. मोसमी वारे अंदमानात दाखल झाले, ही ती बातमी. ती आली की मग केरळ, मग कोकण आणि मग आपण, असा दिवसांचा हिशेब सुरू होतो. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या माणसाला अंदमान हे नाव पावसाच्या सांगाव्यामुळे ओळखीचे आहे.

याच बेटांना आपल्या पणजोबांची पिढी ‘काळे पाणी’ म्हणत असे आणि ते नाव काढले की घरात शांतता पसरत असे. ज्या दिशेने आज आपण पावसाची वाट पाहतो, त्या दिशेला गेलेला माणूस तेव्हा परत येत नसे. या बेटांचा भूगोल आणि इतिहास मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत विखुरलेला आहे. मी दोन्ही भाषा शिकवतो. मराठीच्या तासाला अंदमान म्हटले की मुले एक नाव सांगतात, उर्दूच्या तासाला दुसरे. दोन्ही नावे एकाच दमात सांगणारे मूल क्वचितच भेटते. हा लेख त्यासाठीच.

बेटे आहेत तरी कशी?

बंगालच्या उपसागराच्या पूर्व टोकाला उत्तर-दक्षिण अशी सातशे किलोमीटरहून लांब पसरलेली ही साखळी आहे. वरचा भाग अंदमान, खालचा निकोबार. मधून दहा अंश अक्षांशावरची खाडी वाहते, तिला ‘टेन डिग्री चॅनल’ म्हणतात. सर्वेक्षणात लहानमोठे खडक धरले तर बेटांची संख्या आठशेच्या वर जाते. जुन्या पुस्तकांत ५७२ असा आकडा आढळतो. माणसांची वस्ती मात्र त्यांतल्या तीसेक बेटांवरच आहे. एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एकट्या नांदेड जिल्ह्याहून कमी! २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३,८०,५८१ होती.

चेन्नई आणि कोलकाता इथून सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहेत. उलट, ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकापासून इंडोनेशियाचे सुमात्रा बेट दीडशे किलोमीटरच्या आसपास. भारताचा हा तुकडा भारतापेक्षा परदेशाला जवळ आहे.

खरे तर ही बेटे म्हणजे समुद्रात बुडालेल्या एका डोंगररांगेची शिखरे आहेत. म्यानमारमधील आराकान योमा पर्वताची रांग पाण्याखालून पुढे सुमात्राकडे जाते, तिची पाण्याबाहेर राहिलेली डोकी म्हणजे अंदमान-निकोबार. सर्वांत उंच शिखर सॅडल पीक, ७३२ मीटर. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे लातूरच्या जवळजवळ चौपट. नैऋत्य मोसमी वारा पाऊस देतो आणि परतीचा ईशान्य वाराही देतो. त्यामुळे बहुतेक जमीन दाट जंगलाने झाकलेली आहे. पडौक आणि गर्जन ही तिथली नामांकित झाडे.

भूकंपाचे नाव काढले की लातूर-उस्मानाबादच्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. किल्लारी भूपट्टाच्या आत, स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या खडकावर आहे, म्हणून त्या भूकंपाने शास्त्रज्ञही चकित झाले. अंदमानचे तसे नाही. तिथे भारतीय भूपट्ट दुसऱ्या पट्टाखाली सरकतो आहे, त्यामुळे भूकंप आणि ज्वालामुखी ही त्या बेटांच्या जन्माची खूणच आहे. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी तिथल्या बॅरन बेटावर आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत निकोबारची हजारो माणसे गेली. देशाचे दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि तिथल्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी समुद्र आला. घर आणि माणसे एकाच सकाळी जाणे म्हणजे काय, हे किल्लारीच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही.

अरब खलाशांपासून इंग्रजांपर्यंत

ही बेटे जगाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. इसवी सन ८५१ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका अरबी प्रवासवर्णनात चीनकडे जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या मार्गावर या बेटांचा उल्लेख येतो. तंजावरच्या अकराव्या शतकातील चोळ शिलालेखात निकोबारचे नाव ‘नक्कवारम’ असे आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनेही या बेटांविषयी लिहिले, ते बहुधा ऐकीव माहितीवर. १७५६ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी निकोबारवर हक्क सांगितला. तापाने त्यांच्या वसाहती पुनःपुन्हा उजाड झाल्या आणि १८६८ मध्ये त्यांनी तो हक्क इंग्रजांना विकून टाकला.

अंदमानात इंग्रज आले ते १७८९ मध्ये. मुंबईच्या आरमारातला अधिकारी आर्चिबाल्ड ब्लेअर याने तिथल्या किनाऱ्याची मोजणी केली आणि पहिली वसाहत वसवली. पोर्ट ब्लेअर हे नाव त्याचेच. रोगराईमुळे १७९६ मध्ये ती वसाहत बंद करावी लागली. साठ वर्षे बेटे पुन्हा जंगलाच्या आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या ताब्यात राहिली. मग १८५७ उजाडले.

दिल्ली, कानपूर पडल्यानंतर इंग्रजांपुढे प्रश्न होता की हजारो बंडखोरांना ठेवायचे कुठे? फाशी किती जणांना देणार? त्याचे उत्तर त्यांना अंदमानात सापडले. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा दोनशे कैद्यांची पहिली तुकडी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. सेल्युलर जेल तेव्हा नव्हताच. जंगल तोडणे, दलदल भरणे आणि स्वतःचा तुरुंग स्वतःच उभा करणे हे या कैद्यांचे काम. ताप, उपासमार, साप, मूळ रहिवाशांचे बाण आणि पळून जाण्याचा प्रयत्न केला तर फाशी! पहिल्या काही महिन्यांतच कैदी मोठ्या संख्येने मेले.

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी तेव्हाच्या हिंदू समाजात समजूत होती. मुसलमान तर हजसाठी समुद्र ओलांडतच होता. पण हजला निघालेल्याला घरचे लोक दुआ देऊन निरोप देतात आणि त्याची वाट पाहतात. इथे वाट पाहण्यासारखे काही नव्हते. दोघांच्याही घरी काळ्या पाण्याची शिक्षा म्हणजे जिवंतपणीचे सुतक होते.

निजामाच्या राज्यातून गेलेले

१८५७ चा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘ते सगळे उत्तरेत घडले, निजाम इंग्रजांच्या बाजूने होता, आपल्या भागात काही झाले नाही.’ निजाम आणि त्यांचे दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने होते, हे खरे. पण राज्यकर्ता म्हणजे रयत नव्हे.

जून १८५७ मध्ये औरंगाबादेत हैदराबाद काँटिंजंटच्या घोडेस्वारांनी हुकूम मानण्यास नकार दिला. पुण्याहून फौज आली, खटले चालले, मीर फिदा अली यांना फाशी झाली आणि इतरही अनेकांना मृत्युदंड मिळाला. आज ज्याला क्रांती चौक म्हणतात, तो तिथला काळा चबुतरा.

याच काँटिंजंटमधून निघून हैदराबादेत पोहोचलेले जमादार चीदा खान यांना पकडून इंग्रज रेसिडेंटच्या हवाली करण्यात आले. शहर खवळले. १७ जुलै १८५७ रोजी, शुक्रवारी, तुर्रेबाज खान आणि मौलवी सय्यद अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पाचशे लोकांनी कोठी येथील रेसिडेन्सीवर हल्ला केला. तोफांपुढे तो टिकला नाही. तुर्रेबाज खान १८५९ मध्ये मारले गेले आणि त्यांचा मृतदेह हैदराबादेत लोकांना दिसेल असा टांगण्यात आला. मौलवी अलाउद्दीन यांना त्याच वर्षी अंदमानला पाठवले गेले. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते तिथे होते. सुटका झाली नाही, तिथेच त्यांचा इंतकाल झाला.

त्याच काळात रंगराव पागे हे निजामाच्या राज्यातले पटवारी उत्तरेत जाऊन नानासाहेब पेशव्यांचा निरोप घेऊन परतले आणि गुप्तपणे माणसे जमवू लागले. आजच्या देगलूरच्या शेजारी असलेल्या कौलासचे राजा दीपसिंग यांच्याशी त्यांचा संबंध आला. बेत फुटला. राजा दीपसिंग यांना कैद झाली, रंगराव पागे यांना काळे पाणी. १८६० मध्ये ते अंदमानातच वारले.

आता ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा. एक मौलवी, एक पटवारी. एकाची लेखणी उर्दू-फारसीची, दुसऱ्याची मोडीची. दोघे एकाच राज्यातले, एकाच वर्षाच्या धरपकडीतले, एकाच बेटावर मातीत मिसळलेले. १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिदिन साजरा करतो, तेव्हा १९४८ च्या मागे नव्वद वर्षे जाऊन ही दोन नावे घ्यायला काय हरकत आहे?

उर्दूतले काळे पाणी

अंदमानात शिपाई गेले तसे आलिमही गेले. मौलाना फज्ल-ए-हक खैराबादी हे तर्कशास्त्राचे मोठे पंडित, मिर्झा गालिब यांचे स्नेही. १८५७ च्या लढ्याला साथ दिली म्हणून त्यांना जन्मठेप झाली. कैदेत कागद मिळत नसे, तेव्हा मिळेल त्या चिंध्यांवर आणि कागदाच्या तुकड्यांवर त्यांनी त्या लढ्याची हकिकत अरबीत लिहिली. ऑगस्ट १८६१ मध्ये त्यांचे तिथेच निधन झाले. सुटकेचा हुकूम घेऊन मुलगा पोहोचला तेव्हा समोरून जनाजा येत होता, अशी कथा सांगितली जाते. पोर्ट ब्लेअरमध्ये त्यांची मजार आहे.

त्यांच्याच सोबतचे मुफ्ती इनायत अहमद काकोरवी यांनी तर कमालच केली. हाताशी एकही पुस्तक नसताना, निव्वळ स्मरणाच्या बळावर त्यांनी अरबी व्याकरणावर ‘इल्मुस्सीगा’ हे पुस्तक लिहिले. ते आजही मदरशांत शिकवले जाते. क्रियापदाची रूपे पाठ करणाऱ्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हे पुस्तक काळ्या पाण्यावर लिहिले गेले? विद्या माणसाच्या डोक्यात असते, ती जप्त करता येत नाही, याचा याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

तिसरे नाव मौलाना मुहम्मद जाफर थानेसरी. अंबाल्याच्या खटल्यात त्यांना आधी फाशी आणि मग जन्मठेप झाली. १८६६ मध्ये ते अंदमानात पोहोचले आणि १८८३ मध्ये सुटले. तिथे ते मुन्शी झाले, इंग्रजी शिकले, इंग्रज अधिकाऱ्यांना उर्दू शिकवली आणि परतल्यावर ‘तवारीख-ए-अजीब’ म्हणजेच ‘काला पानी’ हे आत्मकथन लिहिले. उर्दूतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो पोर्ट ब्लेअरच्या भेटीवर असताना शेर अली आफ्रिदी या पठाण कैद्याने त्यांचा सुऱ्याने वध केला. ११ मार्चला शेर अलीला वायपर बेटावर फाशी झाली. इथे इतिहासाशी प्रामाणिक राहायला हवे. शेर अली मूळचा इंग्रजांच्याच नोकरीत होता आणि त्याला शिक्षा झाली होती ती खानदानी वैरातल्या खुनासाठी. त्याला बंडाचा सेनानी ठरवण्याची घाई नको आणि नुसता खुनी म्हणून झटकून टाकण्याचीही नको. भारतात ठार झालेला एकमेव व्हाइसरॉय त्याच्या हातून मेला, एवढे मात्र नोंदवावेच लागते.

मराठीतले काळे पाणी

ज्याला पाहायला आज पर्यटक रांगा लावतात, तो सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधला गेला. मधोमध मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, एकूण ६९८ कोठड्या. एका इमारतीच्या कोठडीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. बहुतेक तुरुंगांत माणसे एकत्र कोंडली जात. इथे एकांत हीच शिक्षा होती.

नाशिकच्या खटल्यांतून बाबाराव सावरकर आणि पाठोपाठ जुलै १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर इथे आले. दोघेही १९२१ पर्यंत इथे होते. बैलासारखे कोलूला जुंपून रोज ठरलेले तेल काढायचे, ते कमी पडले तर बेड्या. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझी जन्मठेप’मुळे हा तुरुंग मराठी घराघरांत पोहोचला. सावरकरांच्या राजकारणाविषयी मतभेद आहेत, माझेही आहेत. पण कोलूच्या दांड्याला लागलेले हात खरे होते. मतभेदासाठी कुणाच्या यातना पुसायच्या नसतात. तसेच, एकाच्या यातना आठवताना बाकीच्यांच्या विसरायच्या नसतात.

कारण त्या कोठड्यांत बंगालचे क्रांतिकारक होते, पंजाबचे गदरवाले होते. मे १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास यांचे प्राण गेले. १९३७ च्या उपोषणानंतर राजकीय कैदी मायदेशी परतले. मलबारच्या १९२१ च्या उठावातले मोपला कैदी मात्र तिथेच वसले. दक्षिण अंदमानात मंजेरी, वंडूर, कालिकत अशी गावांची नावे आजही आहेत. परक्या मातीत त्यांनी आपल्या गावाचे नाव लावले आणि तिथे नारळ पिकवले.

मार्च १९४२ मध्ये जपानी आले. डिसेंबर १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्याच जपान्यांनी ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंज इथे हेरगिरीच्या संशयावरून ४४ निरपराध लोकांना गोळ्या घातल्या. एका जुलमाऐवजी दुसरा आला म्हणजे मुक्ती आली असे होत नाही, हे बेटवासीयांनी तीन वर्षांत शिकून घेतले.

जे आधीपासून होते

आतापर्यंत आपण बाहेरून आणलेल्यांविषयी बोललो. पण बेटे रिकामी नव्हती. ग्रेट अंदमानी, ओंगी, जारवा, सेंटिनली हे लोक हजारो वर्षे तिथे राहत होते. निकोबारात शोंपेन आणि निकोबारी. मे १८५९ मध्ये ग्रेट अंदमानींनी ॲबरडीनजवळच्या वस्तीवर हल्ला केला. त्यांच्यात राहून आलेल्या दूधनाथ तिवारी या पळालेल्या कैद्याने इंग्रजांना आधीच सावध केले आणि हल्ला फसला. पुढे बंदुकीपेक्षा रोगांनी त्यांचा घात केला. १८७७ ची गोवराची साथ आणि इतर आजारांत वस्त्याच्या वस्त्या संपल्या. काही हजार असलेला हा समाज आज पन्नासच्या आसपास उरला आहे.

२६ जानेवारी २०१० रोजी पोर्ट ब्लेअरला बोआ सीनियर नावाची वृद्धा वारली. ‘बो’ भाषा बोलणारी ती शेवटची व्यक्ती. शेवटची काही वर्षे तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे कोणी नव्हते, म्हणून तीही अंदमानी हिंदी बोलत असे. भाषा शिकवणाऱ्या माणसाला ही बातमी साधी वाटूच शकत नाही. आपण मराठी-उर्दूचे वाद घालतो, कारण दोन्हीकडे बोलणारे आहेत. बोआला वाद घालायलाही कोणी उरले नव्हते.

दुसरीकडे, कैद्यांच्या वस्तीत एक वेगळीच गोष्ट घडली. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना घर करण्याची मुभा मिळे आणि स्त्री कैद्यांशी लग्नेही होत. प्रांत, भाषा, जात पाहत बसायला तिथे जागा नव्हती. त्यांच्या वंशजांना ‘लोकल बॉर्न’ म्हणतात आणि त्यांची बोली हिंदुस्थानी. शिक्षा म्हणून एकत्र टाकलेली माणसे शेजारी म्हणून जगायला शिकली. आपण तर स्वतःच्या मर्जीने एका गल्लीत राहतो!

जायचे असेल तर

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला. विमान सोयीचे, चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही जाते, पण तीनेक दिवसांची तयारी ठेवावी. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे, तेव्हा तिकिटावर गोंधळू नका. हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप. तिथला राधानगर किनारा पांढऱ्या वाळूसाठी प्रसिद्ध आहे. नील म्हणजे शहीद द्वीप. रॉस बेटावर, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, इंग्रजांच्या राजधानीच्या पडक्या भिंतींना वडाच्या मुळांनी गिळले आहे. वंडूरच्या सागरी उद्यानात प्रवाळ दिसतात, बारातांगला चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी. बारातांगचा रस्ता जारवांच्या जंगलातून जातो. तिथे गाडी थांबवणे, फोटो काढणे, खाऊ फेकणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या आधी ती माणुसकीची गोष्ट आहे.

सेल्युलर जेलच्या सातपैकी तीनच इमारती आज उभ्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी त्यांना राष्ट्रीय स्मारक म्हणून मान्यता मिळाली. तिथे नावांच्या पाट्या आहेत, त्या घाईने ओलांडू नका. पण एक लक्षात असू द्या. पागे आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या वेळी ती भिंत नव्हती, कोठडी नव्हती. त्यांचा तुरुंग म्हणजे ते जंगल आणि तो समुद्र. म्हणून किनाऱ्यावर उभे राहाल तेव्हा त्यांचीही आठवण काढा. ज्याला फातिहा येतो त्याने फातिहा पढावा, ज्याला हात जोडायचे त्याने हात जोडावेत.

आणि ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांच्यासाठी एक सोपे काम आहे. शाळेच्या वाचनालयात ‘माझी जन्मठेप’ मराठीच्या कपाटात असते आणि ‘काला पानी’ असलेच तर उर्दूच्या. एक दिवस ही दोन्ही पुस्तके काढून एकाच टेबलावर ठेवा आणि मुलांना सांगा की हा एकाच समुद्राचा इतिहास आहे.